उतारावरची गाडी

आमच्या गाडीला स्टार्टर नव्हता असं म्हटलं तर बाबांवर अन्याय होईल. स्टार्टर होता, तो चालत नव्हता, आणि नवा बसवायचा खर्च करण्यापेक्षा गाडी रोज उतारावर लावणं बाबांना जास्त शहाणपणाचं वाटत होतं. कल्याणला आमची गल्ली मोठ्या रस्त्यापासून चढत चढत वर यायची आणि आमच्या बिल्डिंगच्या गेटाशी संपायची. त्या चढाच्या टोकाला, तोंड खाली करून गाडी उभी असे, पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक दगड. सकाळी आठला बाबा दगड काढून कुंपणाशी नीट जोडीने ठेवायचे, आत बसायचे, चावी फिरवायचे, दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरायचे आणि हँडब्रेक सोडायचे. गाडी कुरकुरत निघायची. किराणा दुकानापर्यंत आली की बाबा क्लच सोडायचे, आम्हा सगळ्यांच्या माना एकदम पुढे जाऊन मागे यायच्या आणि इंजिन खोकत खोकत चालू व्हायचं. ठाण्यातसुद्धा त्यांनी तलावाच्या बाजूला उतरणारी एक गल्ली हेरून ठेवली होती. तिथे गाडी लावून ते दहा मिनिटं चालत कोर्टात जायचे. "उतार फुकट आहे," ते म्हणायचे, आणि हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की आई भाजी चिरता चिरता त्यांच्या आधी ते वाक्य पुरं करायची.

बाबा ठाण्याच्या कोर्टात लघुलेखक होते. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवायचं, म्हणून असेल कदाचित, घरी ते कमी बोलत. गाडी त्यांनी जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यातून निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका केमिस्टकडून घेतली होती, नव्या स्कूटरपेक्षाही स्वस्तात. रंग मुळात कुठला होता हे तिच्या कागदपत्रांवरूनच कळायचं. आम्हाला ती मिळाली तेव्हा ती ताकाच्या रंगाची होती आणि डाव्या दाराला हिरवट झाक होती, कारण ते दार दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं होतं. त्या सुमाराला आमच्या आजूबाजूला हप्त्यांवरच्या नव्या छोट्या गाड्या येऊ लागल्या होत्या. पेढे वाटले जायचे, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. बाबा पेढा खायचे, अभिनंदन करायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "पाच वर्षं बँकेची चाकरी." स्वतःच्या गाडीत त्यांनी कोर्टातल्याच तीन सहकाऱ्यांना कायमची जागा दिली होती. दुर्गाडीच्या चौकात ते उभे असत आणि तिघं मिळून पेट्रोलचा भार उचलत, त्यामुळे आमचा प्रवास जवळजवळ फुकट व्हायचा. जे उरायचं ते माझ्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला पडायचं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल.

आईच्या पायाची गोष्ट इथे सांगायला हवी. लहानपणी ती झाडावरून पडली, गावातल्या कुणीतरी हाड बसवलं ते वाकडं बसलं, आणि त्यानंतर ती एका बाजूला झुकून चालायची. दोन जिने चढून घरी आली की कठड्याला टेकून ती मिनिटभर उभी राहायची, आणि कुणी बघत असेल तर शेजारच्यांच्या तुळशीला किती मंजिऱ्या आल्यात ते बघतेय असं दाखवायची. स्टेशनचे पूल, तिथली चेंगराचेंगरी तिला झेपण्यासारखी नव्हती. डी. एड. होऊन बसलेली ही बाई त्यामुळे चौदा वर्षं आमच्या मागच्या गल्लीतल्या बालवाडीत शिकवत होती. पगार कसला, मानधनच ते. पण संध्याकाळी ती पुठ्ठ्याचे प्राणी कापत बसायची, हत्तीची सोंड हलती करण्यासाठी प्रेसबटण लावायची, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईपर्यंत मोठमोठ्याने गोष्ट म्हणून बघायची. तिचा आवाज फार चांगला होता. घरात दोनच आवाज होते असं मला आठवतं, आईचा आणि सकाळी आठचा गाडीचा.

मी बारावीनंतर ठाण्याच्या कॉलेजात जायला लागले आणि मला गाडीची लाज वाटायला लागली. लहानपणी वाटत नव्हती. गल्लीतली मुलं तिला घंटागाडी म्हणायची, कारण तिचं मागचं दार वळणावर खळखळायचं आणि एकदा खरोखरच दोन बायका कचऱ्याच्या बादल्या घेऊन खाली आल्या होत्या. ते मी स्वतः हसून सांगत असे. पण ठाण्यात सगळं वेगळं होतं. बाबा वाटेत कुठेच इंजिन बंद करायचे नाहीत, करणं शक्यच नव्हतं, त्यामुळे मला सोडायला गाडी थांबली की ती थांबल्या जागी थरथरत, धूर सोडत उभी राहायची आणि पुढून-मागून माणसं वळून बघायची. शिवाय हिरवट दार आतून उघडत नसे. बाबा खाली उतरून, वळसा घालून यायचे आणि बाहेरून माझं दार उघडायचे. पहिल्या आठवड्यातच मी म्हटलं, "बाबा, मला नौपाड्यातच सोडा. पुढे मी चालत जाते, व्यायाम होतो." बाबा म्हणाले, "बरं." त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. मला वाटलं, त्यांना कळलं नाही.

माझ्या दोन मैत्रिणी झाल्या होत्या, ऋजुता आणि सायली. ऋजुताच्या वडिलांचा नौपाड्यात दवाखाना होता आणि त्यांच्या घरी पांढरी नवी गाडी होती, जिच्या आत शिरलं की बाहेरचा आवाज बंद व्हायचा. त्या गाडीतून मी दोन-तीनदा गेले. एकदा ऋजुताच्या आईने विचारलं, "तुमच्याकडे कुठली गाडी आहे गं?" मी म्हटलं, "बाबा बघतायत सध्या." हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं. त्यानंतर 'बघतायत' ते सांभाळणं आलं. बाबांना कुठला रंग आवडतो इथपर्यंत मी मजल मारली होती.

त्याच वर्षी आईला मुलाखतीचं पत्र आलं. नौपाड्यातली एक जुनी शाळा, प्राथमिकला एक कायमची जागा. वयाची जी अट होती ती आई दोन महिन्यांनी पार करणार होती, म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची संधी. पत्र वाचल्यावर ती उठून भांडी घासायला लागली, जी आधीच घासलेली होती. बाबा मात्र कधी नव्हे ते बोलत सुटले. "गाडी नौपाड्यावरूनच जाते. रोज तुला दारात सोडीन, संध्याकाळी दारातून घेईन. एकसुद्धा पूल चढायचा नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीत पुढच्या सीटवर आईच्या कमरेला टेकू म्हणून एक गोल उशी आणून ठेवली. मुलाखत सोमवारी सकाळी दहाला. बाबांनी त्या दिवसापुरतं तिघा सहकाऱ्यांना सांगून ठेवलं की तुम्ही आपापले जा, आणि स्वतः अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

आणि मी काय केलं, तर त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मैत्रिणींना घरी जेवायला बोलावलं. त्या केव्हाच्या मागे लागल्या होत्या हे खरं, पण पुढचा रविवार सांगता आला असता. आई म्हणालीसुद्धा, "अगं, सोमवारी माझं ते आहे," आणि लगेच, "असू दे, येऊ देत, मला काय पाठ करायचंय." पहाटे उठून तिने अळूवड्या लावल्या. डाळिंब्या आदल्या रात्रीच सोलून ठेवल्या होत्या. मसालेभात, काकडीची कोशिंबीर, आणि साबुदाण्याच्या पापड्या, कारण मी एकदा म्हणाले होते की ऋजुताकडे त्या विकतच्या असतात. मधेच ती ओट्याशी उभी राहून फोडणीकडे बघत पुटपुटायची, "बालकाचा कल ओळखून अध्यापन करणे," आणि मग मोहरी तडतडली की थांबायची.

बाबा शनिवारीच एका नातलगाच्या तेराव्याला एसटीने कर्जतला गेले होते, रविवारी उशिरा परतणार होते. गाडी नेहमीप्रमाणे गेटाशी होती. मैत्रिणी रिक्षाने येणार म्हणजे गल्ली चढून येणार, आणि गेटाशी उतरल्या की पहिलं दर्शन तिचंच. साडेदहाच्या सुमाराला मी आईला म्हटलं, "दही आणते," आणि खिळ्यावरची चावी उचलली. स्टिअरिंग धरणं मला माहीत होतं. रविवारी बाबा गाडी धुवायला म्हणून थोडी मागे-पुढे करायचे तेव्हा मला आत बसवायचे. मी दगड काढले, कुंपणाशी ठेवले, अगदी बाबांसारखे, आणि गिअर न टाकता हँडब्रेक सोडला. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही, गाडी मुकाट्याने उतरत गेली. किराणा दुकान गेलं, पिठाची गिरणी आली, तिथे मी डावीकडे वळवली आणि गिरणीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटात ती आपोआप थांबली. तिथे भरावासाठी नुकताच मुरूम टाकलेला होता. चाकं थोडी रुतली ते मला जाणवलंही. पण रस्त्यावरून गाडी दिसत नव्हती, आणि मला तेवढंच हवं होतं. दुपारी त्या गेल्या की काहीतरी करू, असं मी ठरवलं. काय करणार होते कोण जाणे. ती गाडी चढावर परत नेण्यासाठी एक तर इंजिन चालू हवं होतं किंवा सहा माणसं.

मैत्रिणी आल्या, जेवल्या. दोघींनी तीन-तीनदा अळूवड्या घेतल्या. आईने त्यांना सोंड हलवणारा हत्ती दाखवला आणि मी तिला डोळ्यांनी दटावलं, तशी ती तो हत्ती परत कपाटात ठेवायला आत गेली. निघताना गेटाशी ऋजुताने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "अगं, ती तुमची गाडी कुठाय? ताकाच्या रंगाची? रोज दवाखान्यासमोर थांबते ना, तू उतरतेस ती." मी काय बोलले ते मला आठवत नाही. "बाबा घेऊन गेलेत," असंच काहीतरी असणार. सायली म्हणाली, "शी, आम्ही बघायला आलेलो. ती ढकलायला लागते का गं खरंच?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना ती गंमत वाटत होती, एवढंच. मी रिक्षाला हात केला. माझे कान तापले होते, आणि आज हे लिहितानाही तसेच तापले आहेत.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी आईला सांगू शकले असते. खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगून माणसं जमवता आली असती. पण मग गाडी तिथे का नेलीस, हा प्रश्न आला असता. मी पुस्तक घेऊन बसले. आई दिवसभर खाली उतरलीच नव्हती, तिला काही दिसायचा प्रश्न नव्हता. तिने साडीला इस्त्री केली, फाईल तीनदा तपासली आणि लवकर झोपली. बाबा आले तेव्हा मीही झोपलेली होते, निदान माझे डोळे मिटलेले होते. ते रिक्षाने अंधारात आले. गाडी जागेवर आहे की नाही हे त्यांनी का पाहिलं नाही, असा विचार मी पुढे अनेक वर्षं करत राहिले, जणू काही चूक तिथे झाली होती.

सकाळी साडेसातला बाबा चावी घेऊन निघाले तशी मी मागून धावले आणि जिन्यातच सांगितलं. "बाबा, गाडी खाली गिरणीमागे आहे. मी लावलीय." ते थांबले. "का?" मी म्हटलं, "काल मैत्रिणी येणार होत्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. एखाद्याला आपल्या शर्टाचं बटण तुटलेलं आहे हे दुसऱ्याने दाखवल्यावर तो जसा खाली बघतो तसे ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "चल."

सोमवार, म्हणून गिरणी बंद, किराणा बंद. प्लॉटात चिटपाखरू नव्हतं. मी आत बसले, बाबा मागून ढकलायला लागले. गाडी एक वीत पुढे गेली की तेवढीच मागे यायची. बाबांनी गिरणीच्या पायरीवरची गोणपाटं आणून चाकांखाली घातली. त्यांचा पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. पेपरवाला आणि दूधवाला येऊन हात लावून गेले तेव्हा कुठे आम्ही मुरमातून बाहेर आलो, पण रस्त्याचा तो भाग सपाट होता. बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी क्लच सोडला, हिसका बसला, इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. गाडीत पेट्रोलचा उग्र वास भरला.

सव्वाआठला आई एकेक पाऊल टाकत गल्ली उतरून आली. मोतिया साडी, खांद्याला पिन, छातीशी फाईल. तिने गाडीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "अहो, गाडी इथे कशी?" मी आत स्टिअरिंग धरून बसले होते. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मीच लावलेली. शनिवारी जाताना. वर गेटाशी पाइपसाठी खणणार म्हणत होते." हातातलं गोणपाट त्यांनी झटकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्यूट्रल कर."

आई म्हणाली, "मग रिक्षा बघू या का?" इथे मात्र बाबा चुकले, आणि ते नंतर स्वतःच तसं म्हणायचे. "पाच मिनिटांत निघते. ठाण्यापर्यंत रिक्षा म्हणजे काय मागेल तो, काही नेम आहे? आणि परत यायचं कसं?" ती पाच मिनिटं पाऊण तास चालली. इतकी वर्षं ती गाडी त्यांनी चालवून दाखवली होती, नव्या गाड्यांच्या पेढ्यांसमोर ताठ मानेने चालवून दाखवली होती, आणि नेमक्या त्या दिवशी तिच्यावरचा विश्वास सोडणं त्यांना जमेना. शेवटी आई कुणाला न विचारता मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेली आणि हात करून उभी राहिली. पहिला रिक्षावाला ठाणे म्हटल्यावर निघून गेला. दुसरा तयार झाला. बाबांनी खिशातले होते तेवढे पैसे माझ्या हातात कोंबले आणि म्हणाले, "तू जा तिच्याबरोबर. मी गाडी रस्त्यातून बाजूला घेतो."

खाडीच्या पुलावर ट्रकांची रांग होती. आई फाईलवर बोटांनी काहीतरी लिहिल्यासारखं करत होती. मला वाटलं ती पाढे म्हणतेय, मग लक्षात आलं की ती मुलाखतीत सांगायची गोष्ट मनातल्या मनात म्हणत होती, सगळ्या आवाजांसकट, कारण मधेच तिचे ओठ पुढे यायचे आणि भुवया उंचावायच्या. आम्ही नौपाड्यात शाळेशी उतरलो तेव्हा अकराला दहा कमी होते. मुलाखती दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना तिने माझा हात धरला नाही, कठडा धरला. वर एका कारकुनाने सांगितलं की नाव दोनदा पुकारलं, शेवटची उमेदवार आत्ताच गेली. आतून एक वयस्कर मुख्याध्यापिका बाहेर आल्या, चांगल्या बोलल्या. "बाई, मला वाईट वाटतंय, पण एकीला एक आणि दुसरीला एक असं नाही करता येत." आई म्हणाली, "नाही, बरोबर आहे तुमचं." वर आभार मानले. खाली फाटकाशी येऊन ती तिथल्या कट्ट्यावर बसली, खांद्याची पिन सुटली होती ती लावली आणि मला म्हणाली, "तुझा तास असेल ना. जा तू, उगाच बुडवू नकोस."

मी गेले. कॉलेज तिथून आठ-दहा मिनिटांवर होतं. मी गेले, तासाला बसले, मधल्या सुट्टीत ऋजुताने पुन्हा आईच्या अळूवड्यांचा विषय काढला तेव्हा हसलेसुद्धा. आई नौपाड्यातून कल्याणला कशी परत आली हे मी तिला कधीच विचारलेलं नाही.

बाबांनी त्याच आठवड्यात नवा स्टार्टर बसवला. माझ्या शिक्षणाच्या पैशांतून काढले का, कुठून काढले, माहीत नाही. आता चावी फिरवली की गाडी सुरू व्हायची, तरी ते ती उतारावरच लावत राहिले, दगड घालून. आई त्यानंतर मागच्या सीटवर बसायला लागली. भांडण झालं नाही, अबोला नाही, फक्त ती मागचं दार उघडून बसायची, आणि ती गोल उशी पुढे तशीच असायची. बालवाडीत तिने आणखी सोळा वर्षं काढली. माझं शिक्षण मात्र व्यवस्थित झालं. फी भरायची वेळ आली तेव्हा बाबांनी कुणाकडे हात पसरला नाही, आणि मी आज ज्या खुर्चीत बसून हे लिहितेय तीसुद्धा सरळ रेषेत त्या गाडीपर्यंत जाऊन पोहोचते.

आईने ती गोष्ट मनात ठेवली नाही. तिने ती सांगायला घेतली. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, पाहुण्यांपुढे. आधी कडवटपणे, मग सवयीने, मग हसवण्यासाठी. "आमच्या ह्यांना शनिवारीच सुचलं, गाडी सपाटीला लावावी. इतकी वर्षं उताराचं कौतुक, आणि बायकोच्या मुलाखतीला सपाटी." लोक हसायचे. बाबाही हसायचे, आणि मी तिथे असले तर माझ्याकडे न बघता ताटातलं काहीतरी बघत बसायचे. एकदाच, माझं लग्न ठरलं तेव्हा, मी बाबांना म्हटलं, "मी आईला सांगते." ते म्हणाले, "आता काय होणारे सांगून? तिला सवय झालीय मला बोलायची." मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात, त्यांना आयसीयूतून बाहेर आणल्यावर, एका नर्सला आईने हीच गोष्ट सांगितली, बाबांच्या देखत, त्यांचं मन रमावं म्हणून. ते ऑक्सिजनच्या नळीतून हसले. मी त्यांच्या पायाशी उभी होते.

बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. आई सत्तरीला आली, माझ्याकडे ठाण्यातच असते. गेल्या महिन्यापासून तिच्या त्याच पायाला व्यायाम द्यायला एक मुलगी घरी येते, हसतमुख, गप्पिष्ट. परवा आईने तिला गाडीची गोष्ट सुरू केली, पण अर्ध्यावर वेळ संपली आणि ती मुलगी गेली. मी आईसमोर मेथी निवडत बसले होते. का कोण जाणे, त्या दिवशी मी सांगून टाकलं. सगळं, दह्याच्या बहाण्यापासून.

आईने मेथीची काडी हातात धरून सगळं ऐकलं. मग बारीकसारीक विचारलं. "तू एकटीने नेलीस? ब्रेक लागले का नीट?" मी हो म्हटलं. "त्यांना माहीत होतं?" मी म्हटलं, "हो. सकाळीच सांगितलेलं." मला वाटत होतं आता ती मला बोलेल, तिची नोकरी, तिची चौदा आणि सोळा वर्षं, सगळं माझ्या पदरात टाकेल, आणि मी ते घेणार होते, त्यासाठीच मी सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे मी त्यांना शेवटपर्यंत उगाचच बोलत राहिले." थोड्या वेळाने पुन्हा, "त्या नर्ससमोरसुद्धा." मी म्हटलं, "आई, चूक माझी होती." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "ते असताना का नाही गं सांगितलंस? मी पुढे बसले असते." एवढं बोलून ती उठली आणि भिंतीला हात लावत लावत आत जाऊन पडली. संध्याकाळी जेवली नाही.

आज सकाळी ती मुलगी आली. मी स्वयंपाकघरात होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. पाय वर, पाय खाली, श्वास सोडा. मग ती म्हणाली, "आजी, त्या दिवशीची गोष्ट अर्धी राहिली. आजोबांनी गाडी सपाटीला लावली, मग?" आई म्हणाली, "त्यांनी नव्हती लावली गं. माझंच चुकलं. रिक्षा करायला मी उशीर केला."

स्वयंपाकघरापासून त्या पलंगापर्यंत चार पावलं आहेत. बाहेर जाऊन खरं काय ते सांगायचं, एवढंच होतं, आणि ऐकणारीही परकीच होती. मी गॅस बारीक केला आणि ती मुलगी जाईपर्यंत आतच उभी राहिले.